जपान रेल पास आणि शिनकानसेनमधलं आरक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पास कुठून घ्यायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. अडचण येते ती त्यानंतर, शिनकानसेनमध्ये (जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये) जागा धरताना. जपानला निघालेल्या आणि तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती देशभर चालणाऱ्या जपान रेल पासबद्दल आहे. ठरावीक भागापुरत्या पासांचे नियम वेगळे असतात. दर १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेले आहेत. खरेदीच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा पाहून घ्या.

१. पास हातात आला म्हणजे जागा पक्की झाली का?

नाही. पास म्हणजे प्रवासाचा परवाना. कोणत्या गाडीत, कोणत्या डब्यात, कोणत्या आसनावर बसायचं हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी दर गाडीचं वेगळं आसन-तिकीट काढावं लागतं. आरक्षण न करता प्रवास करायचा तर ज्या गाड्यांना अनारक्षित डबे आहेत त्यांतच बसता येतं. कोणत्या गाड्यांना ते नाहीत, हे प्रश्न ४ मध्ये आहे.

२. आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात का?

पडत नाहीत. पासची मुदत असेपर्यंत हवी तेवढी आरक्षणं मोफत मिळतात. युरोपातला पास वापरलेल्यांना हे पटकन खरं वाटत नाही, कारण तिथल्या बऱ्याच वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे मोजावे लागतात. जपानमध्ये जास्तीचे पैसे पडतात ते नोझोमी आणि मिझुहो या गाड्यांना (प्रश्न ९) आणि ग्रान क्लास या सर्वांत वरच्या वर्गाला (प्रश्न १८).

३. मुलगा तोक्योत नोकरीला आहे. आम्ही दोघं भेटायला जातोय. पास तिघांनाही मिळेल का?

तुम्हा दोघांना मिळेल, मुलाला नाही. भारतीय पारपत्रावर हा पास फक्त अल्प मुदतीचा पर्यटक म्हणून जपानमध्ये आलेल्याला मिळतो. पारपत्रावर ‘टेम्पररी व्हिजिटर’ असा शिक्का किंवा चिकटपट्टी असावी लागते. नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा कुटुंबाच्या व्हिसावर राहणाऱ्यांना पास मिळत नाही, मग ते कालच आलेले का असेनात. विमानतळावर ही चिकटपट्टी लागली आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वीच पाहा. तिच्याशिवाय पास हातात पडत नाही. तिघांनी शेजारी कसं बसायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

४. कोणत्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं आहे?

तोक्योहून उत्तरेकडे जाणाऱ्या हायाबुसा, कोमाची आणि त्सुबासा, तसंच कानाझावामार्गे त्सुरुगाला जाणारी कागायाकी या गाड्या पूर्ण आरक्षित असतात. नारिता विमानतळाची नारिता एक्स्प्रेस शिनकानसेन नसली तरी तीही पूर्ण आरक्षित आहे आणि पासवर चालते.

हिकारी, कोदामा, साकुरा, यामाबिको, हाकुताका, तोकी, असामा यांना अनारक्षित डबे असतात. नोझोमीलाही एरवी असतात, पण गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते मेची सुरुवात), ओबोन (ऑगस्टचा मध्य) आणि वर्षअखेर-नववर्ष या तीन हंगामांत ती पूर्ण आरक्षित केली जाते.

आमचं मत विचाराल तर सक्ती असो वा नसो, तासाभराहून लांबच्या प्रत्येक प्रवासाला आरक्षण करा. पैसे पडत नाहीत आणि फलाटावर बॅगा घेऊन रांगेत उभं राहणं वाचतं. तोक्योत गाडी रिकामी लागते, त्यामुळे अनारक्षित डब्यात जागा मिळून जाते. क्योतोला मात्र ती आधीच भरून आलेली असते आणि जेमतेम एखाद-दोन मिनिटं थांबते.

५. आरक्षण किती दिवस आधी उघडतं?

बरोबर एक महिना आधी, त्याच तारखेला, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता. म्हणजे भारतात सकाळी साडेसहाला. १५ मेची गाडी १५ एप्रिलला उघडेल. आधीच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर प्रवासाच्या महिन्याच्या १ तारखेला आरक्षण सुरू होतं. ३१ मार्चची गाडी १ मार्चला उघडते.

आपल्याकडच्या ६० दिवसांच्या सवयीने पाहू नका. एरवीच्या दिवसांत हिकारीत दोन-चार दिवस आधीही जागा मिळतात. धावपळ करायची ती वर सांगितलेल्या तीन हंगामांसाठी, चेरीच्या बहरातल्या शनिवार-रविवारांसाठी आणि मोठ्या सामानाच्या जागांसाठी (प्रश्न १३).

६. भारतात बसूनच आरक्षण करता येतं का?

पास जपान रेल पासच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतला असेल तर येतं. त्याच खात्यातून गाडी आणि आसन निवडता येतं. मात्र पडद्यावरचं आरक्षण पुरेसं नाही. जपानमध्ये पोचल्यावर आधी पास आणि मग प्रत्येक आरक्षणाचं छापील आसन-तिकीट घ्यायचं असतं. तिकिटं छापून घेतल्यावर पुढचे बदल खिडकीवर किंवा यंत्रावरच करायचे.

पास एजंटकडून घेतला असेल, तर हातात येतो तो बदली कागद. तो दिला गेल्याच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत जपानमध्ये खऱ्या पासवर बदलून घ्यावा लागतो आणि आरक्षण त्यानंतरच सुरू होतं. ऐन गर्दीच्या हंगामात जाणाऱ्यांनी म्हणूनच अधिकृत संकेतस्थळाचा मार्ग धरावा.

एक चूक सर्रास होते. स्मार्ट ईएक्स या ॲपवर जागा दिसतात म्हणून तिथे आरक्षण केलं जातं. ते ॲप पैसे भरून तिकीट काढणाऱ्यांसाठी आहे. तिथे पास चालत नाही, पूर्ण भाडं कापलं जातं.

७. स्टेशनवर आरक्षण करायची पद्धत काय?

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे खिडकी, ‘मिदोरी नो मादोगुची’. पाटी हिरवी असते. कागदावर तारीख, कुठून-कुठे, गाडीचं नाव व क्रमांक, किती माणसं एवढं लिहून पासांसकट पुढे केलं की भाषेची अडचण उरत नाही. मोठ्या स्टेशनांवर दुपारी या रांगेत बराच वेळ जातो, सकाळी लवकर गेलेलं बरं.

दुसरा मार्ग म्हणजे पास स्वीकारणारं आरक्षण-यंत्र. भाषा इंग्रजी निवडा, पासचा पर्याय घ्या, पास यंत्रात घाला, तारीख-वेळ-स्टेशनं निवडा, आणि आसनांचा नकाशा आला की जागा निवडा. पारपत्र क्रमांक विचारला जाऊ शकतो, म्हणून पारपत्र हाताशी असू द्या. शेवटी रक्कम शून्य येन दिसायला हवी. आकडा दिसला तर तुम्ही साध्या तिकिटाच्या वाटेला लागलात किंवा नोझोमी निवडलीत. मागे जा आणि पुन्हा सुरुवात करा.

एकदा रांगेत उभे राहिलातच, तर ठरलेल्या सगळ्या प्रवासांची आरक्षणं एका दमात करून घ्या.

८. फाटकात नेमकं काय घालायचं, पास की आसन-तिकीट?

फक्त पास. आसन-तिकीट यंत्रात घालायचं नाही. ते डबा आणि आसन पाहण्यासाठी आणि कंडक्टरने विचारलं तर दाखवण्यासाठी. पास फाटकाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर येतो, तो उचलायला विसरू नका. मागून लोंढा येत असतो आणि पास तिथेच राहतो, असं फार वेळा घडतं. हरवलेला पास पुन्हा मिळत नाही (प्रश्न १९).

तोक्यो स्टेशनवर दोन वेगळ्या शिनकानसेन आहेत. क्योतो-ओसाकाकडच्या गाड्या १४ ते १९ क्रमांकाच्या फलाटांवर आणि सेंदाई, निइगाता, कानाझावाकडच्या २० ते २३ वर. फाटकंही वेगळी आहेत.

९. नोझोमीत बसता येतं का? काही ठिकाणी ‘नाही’ असं वाचलं.

ते जुनं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून बसता येतं, पण पाससोबत नोझोमी-मिझुहोचं खास जोड-तिकीट विकत घ्यावं लागतं. तोक्योहून एका बाजूचे दर:

नागोया ४,१८० येन
क्योतो किंवा शिन-ओसाका ४,९६० येन
हिरोशिमा ६,५०० येन
हाकाता ८,१४० येन

अनारक्षित डब्यात बसलात तरीही हे पैसे द्यावेच लागतात. ‘आरक्षण नाही केलं म्हणजे जोड-तिकीट नको’ असा समज करून घेऊ नका.

तोक्यो-क्योतोला नोझोमी साधारण सव्वादोन तास घेते, हिकारी पावणेतीनच्या आसपास. अर्ध्या तासासाठी माणशी ४,९६० येन मोजण्यात अर्थ नाही. हिकारीही त्याच रुळांवरून, त्याच प्रकारच्या डब्यांनी धावते, फक्त जास्त स्टेशनं घेते. हिरोशिमा आणि त्यापुढे मात्र नोझोमी थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. सोबत वयस्कर माणसं असतील तर तिथे हे पैसे खर्च करावेत.

१०. तोक्योहून हिरोशिमाला नोझोमी न घेता कसं जायचं?

हिकारी आणि मग साकुरा. बहुतेकजण शिन-ओसाकाला बदलतात, तिथे फलाट बरेच आहेत आणि जिने चढ-उतार होते. तुमची हिकारी पुढे ओकायामाकडे जाणारी असेल तर शिन-कोबेला बदला. तिथे प्रत्येक दिशेला एकच फलाट आहे, त्यामुळे उतरलात तिथेच पुढची गाडी येते. दोन्ही गाड्यांचं आरक्षण एकाच वेळी करून घ्या.

साकुराच्या आरक्षित साध्या डब्यांत एका ओळीत दोन अधिक दोन अशी चारच आसनं असतात, अनारक्षितमध्ये तीन अधिक दोन. म्हणजे एक पैसाही जास्त न देता रुंद आसन मिळतं. साकुरात अनारक्षित डब्यात बसू नका, आरक्षणच घ्या.

११. गाडी भरली असेल तर वेटिंग लिस्ट असते का?

नसते. वेटिंग नाही, आरएसी नाही, चार्टही लागत नाही. जागा दिसली तर मिळाली, नाही तर दुसरी गाडी. पण रद्द झालेली जागा लगेच यंत्रावर पुन्हा दिसू लागते. आदल्या रात्री आणि गाडीच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं तर भरलेल्या गाडीत जागा निघते.

हायाबुसा भरली असेल तर सेंदाई किंवा मोरिओकापर्यंत यामाबिको आहे, कागायाकी भरली असेल तर कानाझावाला हाकुताका. दोन्ही थोड्या हळू, पण अनारक्षित डबे असलेल्या. चार माणसांची जागा एकत्र मिळत नसेल तर दोन-दोन करून पाहा, बऱ्याचदा त्यानेच काम होतं.

१२. आरक्षित गाडी चुकली किंवा बेत बदलला तर?

पास शाबूत राहतो, फक्त ती जागा जाते. पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात बसा किंवा खिडकीवर नवी जागा घ्या. दंड नाही. पुढची गाडी पूर्ण आरक्षित असेल तर मात्र नवं आसन-तिकीट घेतल्याशिवाय चढू नका.

बेत बदलला आणि वेळ हाताशी असेल, तर गाडी सुटण्यापूर्वी यंत्रावर किंवा खिडकीवर जुनं आरक्षण रद्द करा किंवा बदलून घ्या. तेही मोफत आहे. मोफत आहे म्हणून एकाच सकाळच्या तीन गाड्यांत जागा अडवून ठेवू नका. रिकामं धावणारं ते आसन कुणाला तरी खरोखर हवं असतं.

उतरण्याच्या दिवशी विमानाला उशीर होऊ शकतो. त्या दिवसाची गाडी विमान उतरल्यानंतर निदान तीन तासांनी धरा.

१३. आमच्याकडे मोठ्या बॅगा आहेत. सामानाचं वेगळं आरक्षण लागतं म्हणे?

तोकाइदो, सान्यो, क्यूशू आणि निशी-क्यूशू या मार्गांवर लागतं, म्हणजे तोक्योपासून ओसाका, हिरोशिमा, हाकाता, कागोशिमा, नागासाकीपर्यंत. बॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज करा, चाकं आणि मूठ धरून.

१६० सेंटिमीटरपर्यंत असेल तर काहीच करायला नको, बॅग डोक्यावरच्या फळीवर जाते. १६१ ते २५० असेल तर ‘मोठ्या सामानाच्या जागेसह’ असलेलं आसन घ्यायचं. ही आसनं मुख्यतः डब्याच्या शेवटच्या ओळीत असतात, बॅग आसनामागच्या मोकळ्या जागेत राहते. यालाही पैसे नाहीत. आरक्षण न करता अशी बॅग आणलीत तर १,००० येन भरावे लागतात. २५० च्या वर सामान नेताच येत नाही.

विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ सेंटिमीटर असते. म्हणजे नियमात बसणारी बॅग इथेही बसते. फुगवलेली, झिप उघडून वाढवलेली बॅग मात्र १६० ओलांडते. परतीच्या प्रवासात खरेदीने बॅगा फुगतात, तेव्हा पुन्हा मोजा. बाबागाडी, व्हीलचेअर, वाद्यं आणि खेळाचं साहित्य यांना हा नियम लागू नाही.

बॅग १६० च्या आत असली तरी २५ किलो वजन फळीवर चढवणं साठीतल्या माणसाचं काम नव्हे. हॉटेलातून पुढच्या हॉटेलात बॅग पाठवणारी ‘ताक्क्यूबिन’ सेवा वापरा. बॅग बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत ठेवले की झालं.

१४. फुजी पर्वत दिसायला कोणतं आसन घ्यावं?

साध्या डब्यात ‘ई’, ग्रीन कारमध्ये (वरच्या वर्गाच्या डब्यात) ‘डी’. तोक्योहून जाताना तो उजव्या हाताला आणि परतताना डाव्या हाताला येतो. आसनाचं अक्षर मात्र दोन्ही वेळा तेच. तोक्यो सोडल्यावर साधारण ४० ते ४५ मिनिटांनी, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास बघा. हिवाळ्यातली सकाळ सर्वांत खात्रीची, पावसाळी हवेत काहीच दिसत नाही. ‘ई’ची आसनं सर्वांत आधी संपतात.

१५. आम्ही चौघं किंवा पाचजण आहोत. एकत्र बसता येईल का?

साध्या डब्यात एका बाजूला ए-बी-सी, दुसरीकडे डी-ई. पाचजणांना एक अख्खी ओळ पुरते. चौघांनी एकामागच्या एक दोन ओळींतली डी-ई घ्यावी, उदाहरणार्थ ७-डी, ७-ई, ८-डी, ८-ई. सगळी आसनं फिरवता येतात. पुढचं जोड-आसन मागे वळवलं की समोरासमोर बसता येतं. तिघांना ए-बी-सी. यंत्रावर आपोआप जागा न घेता नकाशातून निवडा, नाहीतर कुटुंब दोन डब्यांत विखुरलं जातं.

१६. आईबाबा पासवर आणि मी साध्या तिकिटावर. शेजारी जागा कशी मिळवायची?

सर्वांत सोपं म्हणजे खिडकीवर दोन पास आणि तुमच्या तिकिटाचे पैसे एकत्र देऊन तीन शेजारच्या जागा मागणं. यंत्रावर करायचं तर आधी पासवरच्या दोन जागा नकाशातून घ्या, त्या ओळीत एक शिल्लक आहे ना ते पाहून, आणि लगेच तिसरी विकत घ्या. आसन-क्रमांक कागदावर टिपून ठेवा. ॲपवरून स्वतःची जागा आधी काढून नंतर आईबाबांची शोधत बसलात तर शेजारच्या जागा गेलेल्या असतात. गाडी हिकारीच निवडा. सवयीने तुम्ही नोझोमी घ्याल आणि आईबाबांना जोड-तिकीट पडेल.

१७. लहान मुलांना पास लागतो का?

६ ते ११ वर्षांना अर्ध्या दराचा पास, १२ पासून पूर्ण. सहाच्या आतली मुलं मोफत, एका मोठ्या माणसामागे दोन, पण त्यांना स्वतःचं आरक्षित आसन मिळत नाही. मांडीवर बसवावं लागतं. पाच वर्षांच्या मुलाला तीन तास मांडीवर घेणं अवघड आहे. तिथे दोन उपाय: मुलासाठी वेगळं बाल-तिकीट किंवा बाल-पास काढून आसन घ्या, किंवा गर्दी नसलेल्या दिवशी अनारक्षित डब्यात बसा, तिथे रिकाम्या आसनावर मूल बसू शकतं.

१८. ग्रीन पास घेतला तर काय बदलतं? ग्रान क्लास त्यात येतो का?

ग्रीन कारमध्ये दोन अधिक दोन रुंद आसनं असतात आणि शिनकानसेनमध्ये ती सगळी आरक्षित असतात, त्यामुळे आरक्षण सोडून चालत नाही. ग्रान क्लास कोणत्याच पासमध्ये येत नाही, एक्स्प्रेसचे आणि ग्रान क्लासचे असे दोन्ही पैसे वेगळे भरावे लागतात.

सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनला आहे, ग्रीन ७०,००० ला. तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन साध्या तिकिटाने सुमारे २८,००० येन होतात, हिरोशिमापर्यंत जाऊन-येऊन चाळीस हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे फक्त तोक्यो-क्योतो-ओसाका करणाऱ्यांनी पास घेऊच नये. हिरोशिमाच्या जोडीला त्याच सात दिवसांत कानाझावा किंवा सेंदाई असेल, तरच हिशोब जुळतो.

१९. नाव चुकलं किंवा पास हरवला तर?

नाव पारपत्रावर छापलंय तसंच हवं. आपल्या पारपत्रात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. ते दोन्ही लिहा. एकच लिहिलं तर बदली करताना खिडकीवर अडवणूक होते.

हरवलेला किंवा चोरीला गेलेला पास पुन्हा दिला जात नाही, आसन-तिकिटं शिल्लक असली तरी त्यांवर प्रवास करता येत नाही. पास मोबाइलच्या कव्हरमध्ये न ठेवता पारपत्रासोबत ठेवा.

२०. हायाबुसा आणि कोमाची जोडून धावतात. चुकीच्या भागात चढलो तर?

तोक्यो ते मोरिओका या दोन गाड्या एकत्र धावतात. १ ते १० डबे हायाबुसाचे, ११ ते १७ कोमाचीचे. मोरिओकाला त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात, एक आओमोरीकडे आणि दुसरी अकिताकडे. दोन्ही भागांत आतून ये-जा करता येत नाही. सेंदाईला उतरणार असाल तर फक्त जागेचा घोळ होईल, पण पुढे जाणार असाल तर वेगळ्याच शहरात पोचाल. आसन-तिकिटावरचा डबा-क्रमांक पाहा आणि फलाटावरच्या त्याच क्रमांकाच्या खुणेपाशी उभे राहा. यामाबिकोला जोडलेली त्सुबासा फुकुशिमाला अशीच वेगळी होते.

२१. दिवस कसे मोजतात? संध्याकाळी उतरलो तर?

दिवस तासांवर नाही, तारखेवर मोजतात, आणि सलग. रात्री आठला पास सुरू केलात तरी तो पहिला दिवस धरला जातो. पास बदलून घेताना सुरुवातीची तारीख सांगायची असते आणि ती बदलीच्या दिवसापासून महिन्याभरातली कोणतीही चालते. पहिले दोन-तीन दिवस तोक्यो शहरात फिरणार असाल तर पास आधी घ्या, पुढच्या गाड्यांची आरक्षणं करून ठेवा आणि सुरुवात पहिल्या लांबच्या प्रवासाच्या दिवशी टाका. शेवटच्या तारखेनंतरच्या गाडीचं आरक्षण पासवर मिळत नाही, म्हणून परतीचा नारिता एक्स्प्रेसचा दिवस मुदतीत येतो का ते मोजून मगच तारीख सांगा.